पर्वा नाही, म्मा

माझं पोट दिलगिरीवर चालतं. अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत एका बाजूला स्प्रिंगांचा कारखाना आणि दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा, मध्ये आमची कंपनी आहे. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी कानात घालायची यंत्रं आम्ही बनवतो. ती महाराष्ट्रातही विकली जातात, तिथे बिघडतातही, आणि बिघडली की लोक रागावून फोन करतात, पत्रं लिहितात. त्या पत्रांना मराठीत उत्तरं लिहायची, फोनवर काय बोलावं याचे नमुने तयार करायचे, आणि महिनाअखेर फोनची रेकॉर्डिंग्ज ऐकून 'भाषा योग्य' या चौकोनात खूण करून खाली सही करायची, हे माझं काम. मी मूळची कऱ्हाडची. नवऱ्याच्या नोकरीमागे चेन्नईला आले त्याला पंधरा वर्षं झाली. वेलचेरीत राहते आणि दोन गाड्या बदलून रोज अंबत्तूर गाठते.

दिलगिरी लिहिण्यात आमच्या कंपनीत माझा हात धरणारं कोणी नाही. याचा मला बराच काळ अभिमान होता. माफी तर मागायची पण चूक कोणाचीच नाही, अशी वाक्यं मराठीत फार सहज जमतात. 'विलंब झाला.' 'उत्तर पाठवायचे राहून गेले.' राहून गेलं म्हणजे कोणाकडून, ते विचारायचं नाही. ते आपलं आपणच राहून गेलं आणि त्याबद्दल आम्हाला मनापासून खेद आहे. लोकांचा राग या वाक्यांनी शांत होतो असं नाही, पण त्यांना धरायला काही सापडत नाही, मग ते कंटाळून सोडून देतात. कंपनीला तेवढं पुरतं. मलाही पुरत होतं.

आमच्या मराठी फोनवर एक काका बसतात. त्यांचं घराणं तंजावरचं. मराठ्यांचं राज्य तिकडे होतं तेव्हा त्यांचे पूर्वज गेले आणि तिथलेच झाले. पुढे वडील कारकुनीच्या नोकरीसाठी मैलापुरात आले. काका याच कंपनीत डिस्पॅचला होते, माल बांधून पाठवण्याच्या खात्यात. निवृत्त झाले, घरी बसले. मग कंपनीने महाराष्ट्रात माल विकायला सुरुवात केली, मराठी फोन सुरू करायचा ठरलं, आणि कोणाला तरी आठवलं की आपल्या डिस्पॅचवाल्या सारांचं घर मराठी आहे. वर्षावर्षाच्या करारावर त्यांना परत बोलावलं. मराठी म्हणजे मराठी, असं त्या बिचाऱ्या तमिळ अधिकाऱ्यांना वाटलं.

पहिल्या दिवशी काकांचं बोलणं ऐकून मी चाटच पडले. कोणी जुना दस्तऐवज तमिळ चालीवर वाचावा तसं ते बोलत होते. 'होय'ला 'होव', 'मला'ला 'मज', आणि प्रत्येक वाक्याचा शेवट जरासा वर उचललेला. बाईमाणसाशी बोलताना शेवटी 'म्मा' लागायचं. ही तमिळ 'अम्मा'ची पुरवणी, मायेचीही आणि मानाचीही. मी तरुण नव्हते, तरी त्यांनी मला पहिल्या दिवसापासून 'तूं' म्हटलं आणि दुपारी डबा उघडून ताकात कालवलेलं उडदाचं डांगर पुढे केलं. "खा, म्मा. तुमच्याकडें असतें कां हें?" मी म्हटलं, असतं की. तर त्यांचा चेहरा असा उजळला, जणू कोणी हरवलेलं माणूस परत आणून दिलं.

त्याच आठवड्यात माझ्या हातून त्यांच्या टेबलावर चहा सांडला. वही भिजली, कॅलेंडर भिजलं. मी "सॉरी, सॉरी काका" करत रुमाल शोधत होते आणि ते हाताने चहा निपटत हसून म्हणाले, "पर्वा नाही, म्मा. पर्वा नाही."

मी क्षणभर थिजले. मग डोक्यात उजेड पडला. इथे गाडीत कोणाचा पाय आपल्या पायावर पडला आणि तो ओशाळला, की आपण 'परवाइल्ल' म्हणतो. म्हणजे असू दे, काही बिघडलं नाही, मनाला लावून घेऊ नका. पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या त्या मराठी घराने तो शब्द जसाच्या तसा मराठीत आणून बसवला होता. 'पर्वा नाही.' त्यांच्या घरी त्याचा अर्थ 'मनाला लावून घेऊ नकोस'. कऱ्हाडला त्याचा अर्थ 'गेलास उडत'.

संध्याकाळी गाडीत मी एकटीच हसत होते. घरी नवऱ्याला सांगितलं, तोही हसला. उद्या काकांना समजावून सांगू असं ठरवलं. हा माणूस दिवसभर महाराष्ट्रातल्या लोकांशी फोनवर बोलतो, त्याला हे सांगणं हेच माझं काम होतं. दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सहा वर्षं सांगितलं नाही.

का, ते आता सरळ सांगते. तो शब्द मला फार आवडला होता. मी थोडंफार विनोदी लिहिते. इथल्या मराठी लोकांच्या मंडळात गणपतीत कार्यक्रम होतो, त्यात दरवर्षी वाचते. त्या वर्षी 'आमच्या ऑफिसातले काका' असं एक लिहिलं आणि उभ्याने साभिनय वाचलं. गिऱ्हाईक म्हणतं, अहो, माझं यंत्र बंद पडलंय, आणि काका म्हणतात, पर्वा नाहीऽऽ. गिऱ्हाईक म्हणतं, मी बहिरा झालोय हो, आणि काका म्हणतात, पर्वा नाहीऽऽ. सभागृहात हशा कोसळला. बायका डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपण लेखक आहोत. त्याचा कोणी तरी व्हिडिओ काढला, तो सगळ्यांच्या फोनवर फिरला, आणि पुढे दर गणपतीला फर्माईश ठरलेली: "बाकीचं राहू दे, ते पर्वा नाही होऊन जाऊ दे." मी दरवर्षी त्यात दोन नवे प्रसंग घालायचे. काकांचा शब्द सुधारला असता तर माझं लिखाण आटलं असतं. तेव्हा मी तो सुधारला नाही. महिनाअखेरीला मात्र 'भाषा योग्य'वर खूण करून सही करत राहिले.

यंदाच्या उन्हाळ्यात सोलापूरकडच्या एका बाईंचं पत्र आलं. त्यांच्या वडिलांचं यंत्र दुरुस्तीला तिसऱ्यांदा आमच्याकडे आलं होतं आणि चौकशीसाठी त्यांनी फोन केला होता. पत्रात लिहिलं होतं: 'यंत्र बिघडते हे मी समजू शकते. पण बोलता बोलता मला रडू आले, तेव्हा तुमचा माणूस मला म्हणाला, पर्वा नाही. एकदा नव्हे, दोनदा. तुम्हाला पर्वा नाही हे आम्हाला कळतच होते. ते तोंडावर सांगायची गरज नव्हती.'

मी कानाला हेडफोन लावून ते रेकॉर्डिंग ऐकलं. बाई सांगत होत्या की घरात लग्न आहे. पाहुणे जमतात, हसतात, आणि वडील सगळ्यांच्या तोंडाकडे बघून हसतात, कारण काय चाललंय ते त्यांना कळत नाही. परवा ते नको त्या वेळी हसले आणि जावई त्यांच्यावर खेकसला. इथे बाईंचा आवाज फुटला. "माफ करा हं," त्या म्हणाल्या, "तुमच्यापुढे उगाच रडू आलं मला." थोडी शांतता. मग काकांचा आवाज, अगदी खाली आलेला: "पर्वा नाही, म्मा." पुन्हा शांतता. "पर्वा नाही." आणि बाईंनी फोन ठेवल्याचा आवाज.

आमच्या मॅनेजर तमिळ आहेत, माझ्याहून लहान, कामाला चोख. त्यांना मराठी येत नाही. पत्राचा सारांश मी त्यांना इंग्रजीत दिला होता. त्यांनी मला बोलावून विचारलं, "ते नेमकं काय म्हणाले? शब्दशः सांगा."

"आय डोंट केअर," मी म्हणाले. "दोनदा."

"असं आधी कधी बोललेत?"

"आठवत नाही."

शब्दकोश उघडून पाहिलात तर माझं पहिलं उत्तर बरोबर आहे. त्याच्याइतकं खोटं मी कधी बोलले नाही. तिथे मी फक्त 'परवाइल्ल' एवढा एक शब्द उच्चारला असता, तर त्या तमिळ बाईंना अर्ध्या क्षणात सगळं कळलं असतं. पण मग त्यांनी पुढे विचारलं असतं की हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे, आणि सहा वर्षांच्या फॉर्मांवर सही कोणाची आहे. हे सगळं तोंड उघडायच्या आधीच माझ्या मनात येऊन गेलं होतं. मी घाबरून चुकले असं नाही. मी हिशेबाने बोलले.

मॅनेजर म्हणाल्या, काकांचा करार या महिन्याला संपतोय, तो पुढे चालवायचा नाही. तोवर त्यांना फोनवर बसवू नका. आणि त्या बाईंना तुम्ही पत्र लिहा, संबंधित माणसाला कामावरून काढलंय असं. मी जागेवर येऊन लिहायला घेतलं: 'संबंधित कर्मचाऱ्यास कामावरून दूर करण्यात आले आहे.' करण्यात आले आहे. इथेही कोणी केलं ते नाहीच.

काका त्या दिवशी डिस्पॅचच्या जुन्या टेबलाशी रिकामे बसून होते. गिऱ्हाइकाने भाषेबद्दल तक्रार केली, एवढंच त्यांना सांगितलं होतं. जेवणाच्या सुट्टीत ते माझ्याकडे आले. डबा उघडलेला नव्हता.

"काय चुकलें मज, म्मा? तूं ऐकलीस कीं रेकॉर्डिंग."

मी म्हटलं, "बघते, काका."

"ती रडत होती. मीं समाधान केलों तिचें." थोडं थांबून म्हणाले, "ही जागा गेली तर पर्वा नाही. पण घरीं मराठी कोण बोलतें? मुलगा तमिळ, सून तमिळ, नात इंग्लिश. बायको होती, तिच्याशीं बोलत होतों, ती गेली. आतां फोनवरच बोलतों."

त्यांच्या त्या वाक्यातही तो शब्द होता आणि त्यांना पत्ता नव्हता. 'बघते' हा मोठा सोयीचा शब्द आहे. त्यात काही करावं लागत नाही. मी तो पुन्हा एकदा वापरला आणि खाली मान घालून जेवले.

शनिवारी घरी पत्र पुरं करायला बसले आणि पुढचं वाक्य येईना. चिडून फोन उचलला आणि तो मंडळातला व्हिडिओ लावला. आपली नक्कल आपल्यालाच बघायची, कशासाठी कोण जाणे. व्हिडिओतली मी मान जरा कलती करून, आवाज खाली आणून, 'नाही'चा शेवट हळूच वर उचलून म्हणते, पर्वा नाहीऽऽ. लोक हसतात. मी तो तुकडा तीनदा पाहिला. काकांचा सूर मी हुबेहूब उचलला होता. रेकॉर्डिंगमध्ये ते त्या बाईंशी जसे बोलले होते तसाच, तीच माया, तोच खाली आलेला आवाज. इतकी चांगली नक्कल करायला माणसाला नीट ऐकावं लागतं. म्हणजे मी नीट ऐकलं होतं. त्यांना काय म्हणायचंय हे मला कळलं नव्हतं, असं म्हणायला आता जागाच उरली नव्हती. मला स्वतःची किळस आली, आणि त्यानंतर राग आला. तो राग बरा होता. त्याच्या जोरावर मी ते अर्धवट पत्र फाडलं.

सोमवारी मॅनेजर येण्याआधी मी त्यांच्या दाराशी उभी होते. त्या पर्स ठेवत असतानाच मी रेकॉर्डिंग लावलं. "हे एवढंच ऐका."

त्यांनी ऐकलं. भुवया वर गेल्या. "पर्वा... परवाइल्ल म्हणतायत का ते?"

"हो."

"अय्यो." त्यांनी कपाळाला हात लावला. मग माझ्याकडे पाहिलं. "मग तुम्ही मला आय डोंट केअर का सांगितलंत?"

माझ्याकडे चार छान वाक्यं तयार होती. रविवारी मी त्यांच्यावर कष्ट घेतले होते. एकही बोलले नाही. "मी खोटं बोलले," म्हणाले. "आठवत नाही म्हटलं तेही खोटं. हा शब्द मी सहा वर्षं ऐकतेय. सगळ्या फॉर्मांवर सही माझी आहे."

"त्यांना सांगितलं का नाहीत?"

"राहून गेलं," मी म्हणाले.

सवय अशी असते. इतकं बोलून झाल्यावरही शेवटच्या पायरीवर माझा पाय मागे आला. मंडळातलं मी सांगितलं नाही.

मॅनेजरनी निकाल दिला, तो असा: काकांचा करार पुढे चालेल. रेकॉर्डिंग ऐकून सही करायचं काम माझ्याकडून काढलं, आणि माझ्या फाइलला तशी नोंद लागली. त्या बाईंना मी स्वतःच्या नावाने पत्र लिहायचं आणि त्याआधी फोन करायचा. "आणि त्यांना तुम्ही सांगायचं," दाराबाहेर काकांकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. "मी नाही."

मी काकांच्या समोर खुर्ची ओढून बसले आणि सांगितलं. आमच्याकडे 'पर्वा नाही' म्हणजे काय होतं ते सांगितलं. ते ऐकत होते. त्यांचे ओठ हलत होते, मनात ते दोन शब्द म्हणून पाहत असावेत. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"मग मीं इतकीं वर्षें सगळ्यांस असेंच सांगितलों?"

"सगळ्यांनी तसं घेतलं नसेल, काका. तुमच्या आवाजावरून कळतं."

"तिज कळलें नाही." जरा वेळाने त्यांनी विचारलं, "तुज ठाऊक होतें?"

"हो."

"किती दिवस?"

"पहिल्या आठवड्यापासून. चहा सांडला तेव्हापासून."

"फोन लाव," ते म्हणाले.

मी लावला. बाईंना माझं नाव सांगितलं आणि जे घडलं ते कुठेही न सजवता सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग ते मला काय म्हणत होते?"

"ते म्हणत होते, रडा. त्यात काही बिघडत नाही."

पलीकडे श्वास ओढल्याचा आवाज आला. "त्यांना फोन द्या," बाई म्हणाल्या.

काकांनी हेडफोन लावला. मी दुसऱ्या हेडफोनवर ऐकत होते. बाई म्हणाल्या, "काका, मी तुमच्याविषयी फार वाईट लिहिलं. मला माफ करा." काकांनी तोंड उघडलं. "पर्..." एवढं बाहेर आलं आणि ते थांबले. घाबरून माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर आपसूक जिभेवर येणारा शब्द त्या माणसाने गिळला आणि मी लिहून दिलेल्या कागदावर बोट ठेवून, एकेक अक्षर चाचपत म्हटलं, "काही. हरकत. नाही."

बाई म्हणाल्या, "नको, तसं नको. तुम्ही तुमचंच म्हणा."

काकांनी डोळे मिटले. "पर्वा नाही, म्मा," ते म्हणाले. "अप्पांस सांगा, यंत्र लग्नाआधीं येतें. मीं स्वतः बांधतों." आणि खरंच ते डिस्पॅचला गेले, आपल्या हाताने खोकं बांधलं, आणि गाडीत चढेपर्यंत तिथे उभे राहिले.

त्यानंतर आमच्या कामाची रीत बदलली, आणि ती मी मागून घेतली. माझं प्रत्येक पत्र बाहेर जाण्याआधी काका वाचतात. फोनवर महाराष्ट्रातल्यासारखं बोलणं मी त्यांना शिकवते, आणि माझी पत्रं ते तपासतात. पहिल्याच पत्रात मी सवयीने लिहिलं होतं, 'यंत्र पाठविण्यास विलंब झाला.' काकांनी चष्मा वर केला. "कोण केलें?"

"काय कोण केलें?"

"विलंब. कोण केलें?"

मी म्हटलं, काका, अशी पद्धत असते. ते म्हणाले, "असूं दे. पण कोण केलें?" मी चौकशी केली. सुटा भाग मागवायचा होता आणि मागवणाऱ्याने मागवला नव्हता. मी लिहिलं, 'सुटा भाग आम्ही वेळेवर मागवला नाही.' वरून थोडी कुरकुर झाली. मॅनेजरनी पत्र दोनदा वाचलं आणि पाठवायला सांगितलं. तेव्हापासून हे रोज चालतं. 'गैरसोय झाली.' कोण केलें? 'नोंद घेण्यात आली आहे.' कोण घेतलें? कधी कधी मी इतकी वैतागते की कागद हिसकावून घ्यावासा वाटतो. पण त्या एका प्रश्नाने मला लिहायला शिकवलं, हे मी कबूल करते. कर्ता सापडला की वाक्य आपोआप आखूड होतं. लोकांची उत्तरंही बदलली. परवा एका गृहस्थांनी लिहिलं, यंत्र अजून नीट चालत नाही, पण पत्र कळलं.

असे चार महिने गेले. गणपती जवळ आले आणि मंडळातून फोन आला, यंदाही ते पर्वा नाही हवंच. मी म्हटलं, यंदा नाही. ठेवला फोन. समोर काका माझं पत्र वाचत बसले होते, आणि पेन्सिलीने एका क्रियापदाखाली रेघ ओढत होते. मला वाटलं, या माणसापुढे मी रोज कर्ता शोधतेय आणि एक कर्ता मी अजून लपवून ठेवलाय.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ गेले. "काका, तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, का नाही सांगितलं ते." आणि मंडळातलं सांगितलं. ते म्हणाले, "दाखव." मी म्हटलं, नको, फार वाईट आहे. "दाखव, म्मा."

मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरला आणि सगळं पाहिलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कॅन्टीनमध्ये भांड्यांचा आवाज होता, तरी माझा आवाज मला ऐकू येत होता. पर्वा नाहीऽऽ. हशा. पर्वा नाहीऽऽ. पुन्हा हशा. एकदा त्यांनी मान कलती केली, अगदी व्हिडिओतल्या माझ्यासारखी, म्हणजे अगदी स्वतःसारखी. ते हसले नाहीत. संपल्यावर त्यांनी पडदा शर्टाच्या बाहीने पुसला आणि फोन मला परत दिला.

"माझं चुकलं, काका," मी म्हणाले. "मी केलं हे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज वर नाही, खाली नाही, शेवट कुठेही उचललेला नाही, शुद्ध कऱ्हाडी उच्चारात, मी चार महिने घोटवून घेतलं होतं तसंच ते म्हणाले, "काही हरकत नाही."

पुढे 'म्मा' नव्हतं. रागावलेल्या गिऱ्हाइकाला हे असं म्हणायचं, हे मीच त्यांना शिकवलं होतं. ते डब्याचं झाकण लावून उठले आणि कामाला गेले.

यंदा मंडळात मी त्याऐवजी हे वाचणार आहे, जे तुम्ही आत्ता वाचलंत ते. काकांना समोर बसवून वाचणार आहे. ते आले नाहीत तर वाचणार नाही. विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आधीं कागद दे." उद्या सकाळी देईन. त्यांची पेन्सील तयार असेल. सगळं पुन्हा एकदा वाचून काढलंय, आणि जिथे जिथे मी केलं होतं तिथे 'मी' लिहिलंय. निदान या कागदावर तरी त्यांना विचारावं लागू नये, कोण केलें.